आधी जमीन ओळखा, मग डिटेक्टर घ्या

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांना समुद्र नाही. पण एप्रिल-मे आला की माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचं पाणी मागे सरतं आणि लांबच लांब काठ उघडा पडतो. डिंभ्याच्या जलाशयाखाली तर जुनं आंबेगावच आहे. ज्या गावाचं नाव तालुक्याला मिळालं ते पाण्यात, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात! अशा काठावर, बागेत, शाळेच्या मैदानावर नाहीतर स्वतःच्या वावरात हरवलेली वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घ्यावा असं मनात येतं. माणूस मोबाईल उघडतो आणि पहिल्याच जाहिरातीत वाचतो, ‘दहा फूट खोलीवरचं सोनं दाखवतो.’ किंमत सात-आठ हजार. जोडीला यंत्राशेजारी सोन्याच्या मोहरांनी भरलेल्या हंड्याचं चित्र.

‘किती खोल?’ हा प्रश्न आपण यंत्राला विचारतो. त्याचं निम्मं उत्तर आपल्या पायाखालच्या जमिनीकडे असतं, आणि आपल्या भागातली जमीन डिटेक्टरला फारशी धार्जिणी नाही. हे का, ते समजलं की स्वस्तात काय घ्यावं आणि कशावर पैसे घालवू नयेत, याचा बराचसा उलगडा होतो.

डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला जी थाळी असते तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह खेळवलेला असतो. त्यामुळे थाळीभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते खाली जमिनीत उतरतं. वाटेत धातू आला की त्या धातूच्या अंगात बारीक भोवरी प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं दुबळं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं. दोन्ही वेटोळी अशा बेताने बसवलेली असतात की धातू जवळ नसताना पहिल्याचा दुसऱ्यावर जवळजवळ काहीच परिणाम होऊ नये. म्हणूनच एवढीशी हालचालही कळते.

यंत्र आणखी एक गोष्ट मोजतं. धातूकडून आलेलं उत्तर मूळ लाटेच्या किती मागे पडलं आहे? जाड चांदी किंवा तांबं असेल तर ते बरंच मागे पडतं, पातळ चांदीचा कागद थोडाच मागे पडतो, आणि लोखंड स्वतः चुंबकाला ओढलं जाणारं असल्याने त्याची तऱ्हा वेगळीच. या फरकावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, बहुधा शून्य ते नव्व्याण्णवच्या दरम्यानचा. लोखंड तळाला, चांदी-तांबं वर. हे सगळं व्हायला थाळी हलती लागते. एका जागी धरून ठेवली तर बहुतेक यंत्रं गप्प बसतात.

या तत्त्वाचा गाजलेला पहिला प्रयोग फसला होता. १८८१च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. यंत्र चालत होतं, पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी एकाच कुशीला शोधू दिलं. गोळी काही सापडली नाही. यंत्र चांगलं असूनही भोवतालच्या धातूपुढे त्याचं काही चाललं नाही.

आपल्याकडे गादीतल्या स्प्रिंगांचं काम खुद्द जमीनच करते. सह्याद्रीचा हा सगळा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज विखुरलेलं असतं. खडक झिजून माती झाली तरी ते खनिज मातीत राहतंच. खात्री करायची असेल तर कुकडी, मीना किंवा घोड नदीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूतून एक साधा चुंबक फिरवा. त्याला काळ्या भुकटीची मिशी फुटेल. पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला, जिथे पाऊस प्रचंड, तिथली माती लाल आहे. तो लाल रंगही लोहाच्या गंजाचाच. डिटेक्टरच्या दृष्टीने अशी जमीन म्हणजे सगळीकडे पसरलेलं पातळ लोखंड. थाळी जरा वरखाली झाली की जमीनच ओरडते, आणि त्या गोंगाटात अंगठीचा बारीक आवाज दबून जातो.

यावरचा इलाज म्हणजे जमिनीचा तोल साधण्याची सोय. विक्रेते त्याला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात. धातू नाही अशा जागी थाळी जमिनीपासून वीतभर वर नेऊन पुन्हा खाली आणायची, असं चारदोनदा करायचं, आणि यंत्राला सांगायचं की एवढा आवाज इथल्या मातीचा आहे, तो धरू नकोस. काही यंत्रांत बटण दाबून हे आपोआप होतं, काहींत हाताने आकडा लावावा लागतो. पण स्वस्त यंत्रांत बहुतेकदा हा तोल कारखान्यातच कायमचा ठरवून दिलेला असतो, तोही कुठल्यातरी सौम्य मातीचा. नावाजलेली यंत्रंही त्याला अपवाद नाहीत. अमेरिकेतल्या गॅरेट कंपनीची एस २५०, ३०० आणि ४०० ही तिन्ही मॉडेलं अशीच ठरलेल्या तोलाची आहेत. तिकडच्या हिरवळीवर ती उत्तम चालतात. आपल्या काळ्या मातीत त्यांची संवेदना खाली उतरवून काम करावं लागतं, आणि संवेदना उतरली की खोलीही उतरली.

माझं मत विचाराल तर इथल्या माणसाने यंत्राच्या माहितीपत्रकात सगळ्यात आधी जमिनीच्या तोलाचीच ओळ शोधावी. पडद्याचा रंग, आवाजांचे प्रकार, कानाला लावायचा वायरलेस हेडफोन हे सगळं नंतर. तुर्कस्तानच्या नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स हे या दृष्टीने बरं उदाहरण आहे. त्यात बटणावर जमिनीचा तोल साधता येतो, लाट १२ किलोहर्ट्झची आहे आणि यंत्र तीन मीटरपर्यंत पाण्यात चालतं. थाळीचा प्रकारही बघावा. ‘डबल डी’ म्हणून विकतात ती थाळी खनिजाच्या मातीत एकात एक गोल वेटोळी असलेल्या थाळीपेक्षा शांत राहते. थाळी जितकी मोठी तितकी ती खोल बघते हे खरं, पण ती तितकीच जास्त मातीही बघते.

आता खोलीचा हिशेब. थाळीपासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. नाण्यासारख्या लहान वस्तूकडून परत येणारं उत्तरही तसंच कमी होत येतं. जाताना घन, येताना घन. म्हणजे अंतर दुप्पट झालं तर हाती येणारा इशारा चौसष्टावा भाग उरतो. त्यामुळे दुप्पट किमतीचं यंत्र दुप्पट खोल बघत नाही. चार बोटं जास्त बघितलं तरी पुष्कळ. चांगल्या मातीत चांगलं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर दाखवतं. आपल्याकडे त्याहून कमीच धरून चालावं. हरवलेल्या वस्तू सहसा तेवढ्याच खोलीत असतात म्हणून हे पुरतं. दहा फुटांवरचं नाणं दाखवणारं यंत्र मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

पडद्यावरच्या आकड्यांचं प्रकरण आपल्याकडे वेगळं आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणारे इथेच अडकतात. त्यांची नाणी तांब्या-चांदीच्या वळणाची, म्हणून ते सांगतात की लोखंडाचा आवाज बंद करा आणि वरचे आकडे खणा. आपलं रुपयाचं नाणं १९९२ पासून चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे, आणि पुढे दोन रुपयांचंही तसंच झालं. यंत्र त्याला लोखंडात ढकलतं किंवा आकडा नुसता नाचत राहतो. लोखंड बंद करून बागेत फिरलात तर खिशातून पडलेल्या चिल्लरीतली बरीच तुमच्या थाळीखालून निसटेल. पाच रुपयांचं पिवळं नाणं पितळी मिश्रधातूचं, ते नीट बोलतं. जुनी ॲल्युमिनियमची नाणी, म्हणजे कातरलेल्या कडांची दहा पैशांची आणि सहा कोनांची वीस पैशांची, हीही स्पष्ट येतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण जमिनीतून गेलेली नाहीत.

सोन्याचं तर याहून अवघड. बारीक अंगठी, कानातली रिंग यांचा आकडा आणि औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीचा किंवा चॉकलेटच्या चांदीचा आकडा एकाच पट्ट्यात येतो. ‘फक्त सोनं’ असं बटण असलेलं यंत्र खरं तर तो पट्टा तेवढा उघडा ठेवतं. त्यात पट्टीही येणार आणि अंगठीही येणार, आणि जो पट्टी खणायला कंटाळेल त्याला अंगठी मिळणार नाही.

आपल्याकडे डिटेक्टरची खरी आठवण होते ती मंगळसूत्र तुटल्यावर. कांदा काढताना, भुईमूग उपटताना, भाताच्या खाचरात वाकून आवणी करताना ते तुटतं आणि मातीत जातं. यातली साखळी यंत्राला फार कमी दिसते. भोवरी प्रवाहाला फिरायला सलग धातू लागतो, आणि साखळीची प्रत्येक कडी सुटी. यंत्राला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक इवलीशी कडी दिसते. काळे मणी तर काचेचेच. म्हणून शोधायच्या असतात त्या वाट्या. वाट्यांसारख्या लहान सोन्याला सहा-सात किलोहर्ट्झच्या यंत्रापेक्षा बारा ते वीस किलोहर्ट्झचं यंत्र जास्त तिखट. सोनं हेच मुख्य कारण असेल तर यंत्राची ही वारंवारता विचारून घ्यावी.

बाजारात साधारण तीन थर दिसतात. हजार-दोन हजारांचा हातातला दांडा, जो देवस्थानांच्या आणि मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात. तो धातूंत फरक करत नाही आणि काही बोटांपलीकडे बघत नाही. पण अंगणातल्या हिरवळीत नुकती पडलेली अंगठी शोधायला तेवढाही पुरतो. जनावरांचे डॉक्टरही असं यंत्र वापरतात. चाऱ्यातून तार किंवा खिळा गिळलेली गाय असेल तर तो तुकडा जाळीपोटात बसतो आणि पुढे पडद्यातून हृदयाकडे टोचत जातो. अर्थात निरोगी गाईच्या पोटातही निरुपद्रवी लोखंड सापडतं, त्यामुळे नुसत्या आवाजावर निदान करत नाहीत.

दुसरा थर पाच ते दहा हजारांच्या चिनी यंत्रांचा. काटा किंवा साधा पडदा, ठरलेला तोल, हलकं प्लॅस्टिक. मुलांना हौस म्हणून ठीक. घ्यायचंच झालं तर ज्यात जमिनीच्या तोलाचं वेगळं बटण आहे असंच मॉडेल घ्यावं. या थरातही ती मिळतात. तिसरा थर पंचवीस ते पंचेचाळीस हजारांचा, नावाजलेल्या कंपन्यांच्या पहिल्या पायरीचा. परदेशातल्या किमतीवर आयातशुल्क आणि जीएसटी चढल्याने तिथलं स्वस्त यंत्र इथे स्वस्त राहत नाही. म्हणून बिल, वॉरंटी आणि दुरुस्ती भारतात होते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गावातल्या चारपाच घरांनी मिळून एक तिसऱ्या थरातलं यंत्र घेणं हे एकेकट्याने दुसऱ्या थरातलं घेण्यापेक्षा मला शहाणपणाचं वाटतं. मंगळसूत्र काही रोज तुटत नाही.

या तीन थरांच्या बाहेर एक चौथा बाजार आहे. तिथे एक-दोन लाखांना ‘लांबूनच सोनं दाखवणारं’ यंत्र विकतात. हातात धरलेली दांडी आपोआप वळते आणि शंभर मीटरवरचं गुप्तधन दाखवते म्हणे. पाणाड्याच्या हातातली काडी जशी वळते तशीच ही वळते, फक्त तिला बॅटरी असते. पूर्वी पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून धन शोधायचे, आता त्या जागी सर्किटचा डबा आला. दिवेआगरला १९९७ मध्ये वाडीत खणताना सोन्याचा गणपती मिळाला, अशा खऱ्या घटना या बाजाराला खतपाणी घालतात. पण तो मिळाला खड्डा खणताना. धनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे दांडीचं यंत्र त्या कायद्यात बसो न बसो, पैसे मात्र नक्की जातात.

सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू सोपी. ओल्या वाळूतलं खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे एकाच वारंवारतेचं यंत्र तिथे भांबावतं. तिथे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं यंत्र लागतं, जसं माइनलॅब कंपनीचं व्हँक्विश. रत्नागिरीच्या बाजूला काही किनाऱ्यांवर इल्मेनाइटची काळी वाळू आहे, तिथे पुन्हा आपलंच घरचं दुखणं. वर्षातून एकदा किनाऱ्यावर जाणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे घालू नयेत.

घेण्याआधी चाचणी करायची ती दुकानातल्या काचेच्या टेबलावर करू नये. हवेत सगळीच यंत्रं शूर असतात. शक्य असेल तर यंत्र वावरात आणायला लावा. एक जोडवं, एक सोन्याची अंगठी, पाच रुपयांचं नाणं, एक खिळा आणि गोळ्यांची रिकामी पट्टी अशा वस्तू दोऱ्याला बांधून चार बोटं आणि आठ बोटं खोल पुरा. दोरा बाहेर ठेवा, नाहीतर अंगठी शोधायला खरंच डिटेक्टर लागेल. आधी तोल साधा, मग थाळी जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवा. दोन्ही बाजूंनी फिरवताना आकडा तोच येतो की उड्या मारतो, ते पाहा. मग अंगठीशेजारी खिळा ठेवून बघा. शेजारी लोखंड असतानाही अंगठी सांगणारं यंत्र घ्यावं.

आपल्या वावरात लोखंड भरपूर असतं. नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटोच्या काठ्यांना ताणलेल्या तारेचे तुकडे, द्राक्षाच्या मांडवाची तार, नांगराच्या फाळाचे टवके. मांडवाखाली तर डिटेक्टर चालवण्यात अर्थच नाही, डोक्यावरची तारच बोलत राहते. विजेच्या तारांखाली आणि मोटारीच्या पेटीजवळही यंत्र बडबडतं, म्हणून शेतीपंपाची लाइट नसेल तेव्हा शोधावं. नांगरलेल्या ढेकळांत थाळी सपाट फिरत नाही. आधी ढेकळं फुटू द्यावीत, पण कुळव घालू नये, नाहीतर वस्तू सरीभर लांब ओढली जाते. ज्या भागात वस्तू पडल्याची शंका आहे तिथे सुतळीने हातभर रुंदीचे पट्टे आखावेत आणि प्रत्येक फेरीत थाळी आधीच्या फेरीवर निम्मी चढवत जावी. आवाज आला की खुरप्याने बाजूने माती उचलावी, वरून टोचू नये. बागेत गवताचा चौकोन कापून उलटवावा आणि काम झालं की परत बसवून पायाने दाबावा.

कुठे शोधावं हा प्रश्न या दोन तालुक्यांत तरी गंभीर आहे. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट ही संरक्षित स्मारकं आहेत आणि संरक्षित हद्दीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. भीमाशंकर अभयारण्याला वनखात्याचे नियम लागू. धरणाचा काठ जलसंपदा विभागाचा, नगरपरिषदेची बाग नगरपरिषदेची, गाळपेरा केलेली जमीन कसणाऱ्याची. विचारल्याशिवाय कुठेच खुरपं लावू नये. जुन्नर शहर तर स्वतःच सातवाहनकालीन वस्तीवर बसलेलं आहे, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलेलं आहे. इथे एखादं नाणं काढलं की ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं ही माहिती कायमची जाते. मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. त्याच नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला एका ठिकाणी मिळाली आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला निघाला. नहपानाचं चलन सातकर्णीच्या हाती गेलं हे त्या एका ढिगाने सांगितलं, कारण तो फुटून सराफाकडे न जाता मोजला गेला.

म्हणून हरवलेली वस्तू सापडली तर ज्याची त्याला द्यावी, आणि जमिनीत दडवलेलं जुनं काही लागलं तर खणणं तिथेच थांबवावं. १८७८चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा असा ऐवज मिळाला तर काय मिळालं, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची चांदीची नाणी होती. आज एक शिवराईसुद्धा या कायद्यात सहज येते, आणि शंभर वर्षांहून जुनी म्हणून १९७२च्या पुरावस्तू कायद्यातही. ऐवज सरकारी तिजोरीत जमा करायचा किंवा जामीन द्यायचा. लपवला तर आपला वाटा सरकारजमा होतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवला आणि चौकशीत तो बेवारस ठरला, तर वेगळा करार नसल्यास तीन वाटे सापडणाऱ्याचे आणि चौथा जमीनमालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश जादा देऊन सरकार तो घेऊ शकतं.